घळीवरची अधांतरी पाइपलाइन

ती. सौ. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

ऑफिसातली माझी खुर्ची बसलं की खचते आणि हनुवटी टेबलाला टेकते. असा अन्याय कुणी सोसला नसेल! पण खरा संताप वेगळाच आहे.

समुद्रतळाच्या घळीवरून आमची तेलाची पाइपलाइन अधांतरी जाणार. खाली टेकू नसले तर प्रवाहात थरथरून ती तडकेल. साहेबांनी खर्च वाचवायला नकाशातले टेकूच खोडले.

"अहो, पाण्याखाली कोण बघतंय?"

"मासे बघतील साहेब, पण मेल्यावर साक्ष कशी देणार?"

नकाशावर मी सही केली नाही. काळजी करू नकोस, नोकरी आहे, निदान आज तरी. भावजींचा गुडघा कसा आहे?

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनीही सही नाकारली. त्यांच्या पदरी दोन लेकरं. माझ्या आजारपणात त्यांनी माझं काम निमूट ओढलं होतं. मीच त्यांना सही करण्यापासून अडवलं, असं साहेबांना सांगून आलो. बाईंना यातलं काही माहीत नाही.

तुझा,
धाकटा