गप्प बसणाऱ्यांचं मत

स्वानेके, ११ फेब्रुवारी १९९६

चि. एस्किल यास थोराताईचे अ. उ. आशीर्वाद. डोक्यात राग आहे, तरी आशीर्वाद खरे आहेत.

माशांना धुरी द्यायच्या विटांच्या भट्ट्या पाडा, पोलादी बसवा, असा युरोपचा कायदा येतोय. हिवाळाभर मी ब्रसेल्सच्या नावाने बोटं मोडली. परवा तक्रार करायला तुमच्याच संसदेच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की जुन्या भट्ट्यांना सूट मागायची सोय मसुद्यातच आहे, फक्त आपल्या मंत्र्याने ती मागायला हवी. तो ब्रसेल्सला निघण्याआधी शुक्रवारी तुमच्या युरोप समितीपुढे आला होता. अध्यक्षांनी हरकत विचारली. कुणी बोललं नाही, आणि न बोलणं म्हणजे संमती धरतात म्हणे. हजर सभासदांत तुझं नाव होतं.

आपल्या बाबांच्या भट्टीच्या धुरात वाढलास तू. तोंडात काय धरलं होतंस, हेरिंग मासा?

लोभ आहे, पण आटत चाललाय.
थोरा

कोपनहेगन, १५ फेब्रुवारी

ती. थोराताईस शि. सा. न.

पत्र वाचून मीही भडकलो. तिथे ज्याला वाटेल तो बोलतो, असं वाटतं का तुला? आदल्या दिवशी पक्षाच्या बैठकीत मी विषय काढला होता. मंत्री आमच्याच पक्षाचा. डुकरांच्या निर्यातीसाठी त्याला इतर देशांकडून सवलत हवी होती, त्यात हे लोढणं गळ्यात नको म्हणाला. सरकार अल्पमतातलं. मी हरकत घेतली असती तर विरोधकही उठले असते, समितीच्या बहुमताने मंत्र्याचे हात बांधले गेले असते आणि समितीतून माझी उचलबांगडी झाली असती. मग आपल्या बेटाला येणाऱ्या बोटीसाठी कोण भांडणार?

ईवरदाजींना नमस्कार. तुझ्या रागासकट लोभ असू दे.
एस्किल

स्वानेके, १९ फेब्रुवारी

चि. एस्किल यास आशीर्वाद. या वेळी अनेक नाहीत, एकच.

डुकरांना बोलता येत नाही, तरी त्यांची बाजू मांडायला मंत्री आहे. आम्ही मत दिलेला माणूस मात्र मुका. आपल्यासारखीच भट्टी असलेल्या, बंदरावरच्या व्हिगोला मी म्हटलं की माझा भाऊ त्या समितीत आहे. तो म्हणाला, म्हणूनच असं झालं असेल.

शेवटच्या मतदानाआधी मंत्र्याला पुन्हा तुमच्यापुढे यावं लागतं, हेही त्या बाईंनी सांगितलंय. तेव्हाही गप्प बसलास तर ईस्टरला येऊ नकोस. दार उघडं असेल, ताट नसेल.
थोरा

कोपनहेगन, २३ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

काल बोललो. मी हरकत घेतल्यावर विरोधकही उठले आणि बहुमत फिरलं. आता सूट मागितल्याशिवाय मंत्र्याला तिथे होकार देता येणार नाही. बाहेर येताच पक्षाच्या सचिवाने माझी जागा दुसऱ्याला दिल्याचं सांगितलं.

मी तुझ्यावर चिडलोय, पक्षावर चिडलोय. आणि एवढ्याशा वाक्याला मी घाबरलो, याचा तर संताप संताप होतोय. आता तरी लोभ पूर्ववत कर.
एस्किल

स्वानेके, ३० मार्च

चि. एस्किल यास अ. उ. आशीर्वाद.

सूट मिळाल्याचं रेडिओवर ऐकलं. ईवर दोनदा उठून भट्टीकडे बघून आला.

व्हिगोने मात्र तुमच्या त्या पहिल्या शुक्रवारनंतरच धीर सोडला होता. गेल्या आठवड्यात, कुणाला न सांगता, त्याने स्वतःच धुराडं पाडलं. परक्याच्या हाताने पडण्यापेक्षा बरं, म्हणाला. बातमी आली तेव्हा तो विटांवरची काजळी खरवडत बसला होता. मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. त्याने इतकंच विचारलं की पहिल्यांदा हरकत विचारली, तेव्हा एस्किलला ऐकू गेलं नव्हतं का.

हे उत्तर माझं नव्हे. ते तू द्यायचंस.

ईस्टरला ये. ताट आहे. पण बोटीतून उतरलास की आधी बंदरावर जा, मग घरी. लोभ आहेच, तो मागू नकोस.
थोरा