तांदळातलं नाव

तीर्थस्वरूप वन्सं यांना शुभदाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावत असाल असं धरून चालते. (बाटली अजून भरलेली आहे असं तुमचा रोशन म्हणाला.) तुम्ही मोरव्याला, मी नवघरला, रिक्षाचं अंतर. तरी पत्र लिहितेय, कारण समोर बसलं की तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही.

रोशनकडूनच कळलं, माझ्या सार्थकच्या लग्नासाठी तांदळाचं ताट तुम्ही घासून ठेवलंय आणि त्यात लिहायला होणाऱ्या सुनेचं, सान्वीचं, नवं नावही ठरवलंय. त्याबद्दल नंतर. आधी ऑफिसचं ऐका, कारण मी चार दिवस संतापलेली आहे.

आम्ही बायकांच्या कंबरदुखीची पाहणी करतो. त्या आकडेवारीसाठी आर नावाची संगणकाची भाषा आहे. तिच्यात प्रत्येक माहितीला नाव द्यावं लागतं, आणि नावाचे नियम माझ्या सासरपेक्षा कडक. (सासर तुमचं माहेर आहे हे मला ठाऊक आहे.) सुरुवातीला आकडा चालत नाही. मध्ये जागा सोडलेली चालत नाही. पहिलं अक्षर मोठं केलं की तिच्या लेखी ती वेगळीच बाई. चुकलं की लाल अक्षरांत डाफरते. काही नावं राखीव, त्यांना कोणी हात लावायचा नाही. अशी सोय असते हे माझ्या लग्नात मला कोणी सांगितलं नव्हतं. लांबीची मात्र तिला कटकट नाही. माझं माहेरचं नाव बदलताना तुम्ही म्हणाला होतात, निशिगंधा म्हणून हाक मारेपर्यंत भाकरी करपेल. चाराची तीन अक्षरं केलीत. वाचलेल्या अक्षराचं घराने काय केलं ते मला कळलेलं नाही. भाकऱ्या करपल्याच.

सोमवारी आमच्या मिनलने (वय सव्वीस, मला काकी म्हणते आणि माझी साहेब आहे) मी दिलेली सगळी नावं एका झटक्यात बदलली. नीटनेटकी दिसावीत म्हणून. माझं तीन दिवसांचं काम जुन्या नावांवर लिहिलेलं. ते चालवलं तर ओळीओळीला लाल उत्तर, अशी वस्तू सापडली नाही. मिनल म्हणाली, "काकी, आकडे आहेत ना तिथेच. तुम्ही जुन्या नावाने हाक मारताय, मग कसे ओ देणार?"

मी खुर्ची मागे सारून उठले. लग्नाला महिना झाला तेव्हा माझे दादा रत्नागिरीहून फणस घेऊन आले होते. इमारतीत आपल्या आडनावाची तीन घरं, म्हणून त्यांनी निशिगंधा कुठे राहते असं विचारलं. वॉचमन म्हणाला, "इस नाम का कोई नहीं रहता." दादा तासभर फणस मांडीवर घेऊन जिन्यात बसले. मी वर होते. भाकऱ्या करत.

आपली,
शुभदा

ता. क. ताटात नुसते तांदूळ ठेवा. लिहायचंच असेल तर सान्वी लिहा.

आणखी एक. तिच्यासाठी मीही एक नाव काढून ठेवलं होतं, तुमच्यापेक्षा चांगलं. सोमवारी घरी येऊन तो कागद फाडला. सांगितलेलं बरं.

शेवटचं. सुचेता हे तुमचं सासरचं नाव. आपल्याकडे सगळे तुम्हाला ताईच म्हणतात. लग्नाआधी तुमचं नाव काय होतं? सत्तावीस वर्षांत मी विचारलंच नाही.