माझा ठिपका धारला हलवला

देवास, मंगळवार संध्याकाळ

आज माझं मलाच हसू येतंय. आमच्या आरोग्य ऑफिसात संगणकावरच्या नकाशावर जिल्ह्यातली प्रत्येक गर्भवती म्हणजे तिच्या घरावरचा एक गुलाबी ठिपका. कळा सुरू झाल्या की रुग्णवाहिकेची गाडी नेमकी तिथं पोचावी म्हणून. ठिपके लावते मीच. सातवा लागला म्हणून माझाही लावला होता, इथं सासरी.

दुपारी धारहून आईचा फोन. "डोहाळजेवण झालं की न्यायला येते. पहिलं बाळंतपण माहेरीच."

हो म्हटलं आणि चमकलेच. मग नकाशातल्या बाकीच्या पहिलटकरणी? त्याही माहेरी जाणार की! गाडी पीपलरावां गावात सासरच्या दाराशी उभी, आणि बाई माहेरी टोंकखुर्दला कळा सोसतेय!

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हटलं, "भिया, सबका मायका भी पूछना पड़ेगा."

तो हसला. "तो अपने से शुरू करो, दीदी."

माहेरासाठी हिरवा ठिपका ठरला. पहिला माझा, धारला. दुसऱ्या जिल्ह्यात गेला म्हणून साहेब कुरकुरतील का? कुरकुरू देत. हौसेनं आईला स्क्रीनचा फोटो पाठवला. लगेच फोन, आवाज चढलेला.

"अगं, ठिपका शेजारच्या काकूंच्या गच्चीवर पडलाय! तुझं बाळंतपण ती करणार आहे का?"

आपल्या घरावर घेतला. पुन्हा फोटो. "आता बरोबर?"

"अजून थोडा मागे घे. मागच्या खोलीवर. तू तिथंच झालीस."