पहिल्या रांगेतले शत्रू

४ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७

आजपासून सूड.

कारण: सुपरवायझरने नवा नियम काढलाय. पाळी सुरू होण्याआधी सगळ्यांनी गोल उभं राहून आपलं नाव आणि खातं मोठ्याने सांगायचं. या सुपरवायझरला आख्खा कारखाना भोंगा म्हणतो. मी स्टोअरमध्ये असतो. नट, बोल्ट, पट्टे, बेअरिंगं. एकवीस वर्षांत एक चूक नाही. माझी वेळ आली. नाव 'म'वरून सुरू होतं. जरा थांबलो. मी तोतरा नाही, विचार करून बोलतो एवढंच. भोंगा म्हणाला, काय राव, स्वतःचं नाव विसरलात की काय? सगळे खो-खो हसले. ज्यांना सही न घेता नवे हातमोजे देतो, तेसुद्धा.

वहीच्या मागच्या पानावर यादी सुरू केली. १. भोंगा. २. मेहुणा. पुढे जागा सोडली आहे.

६ फेब्रुवारी

मेहुणा का, ते लिहून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी दया येणार नाही. बायकोचा धाकटा भाऊ. माझी वाक्यं पूर्ण करायची सवय. दर वेळी चुकीची. काल जेवताना मी 'मी' म्हणून थोडा थांबलो, त्याने मिरची वाढली. मला मीठ हवं होतं. वाद नको म्हणून मिरची खाल्ली. मग त्याने दुसरी वाढली.

बसमध्ये आजही दवाखान्याचं तिकीट काढलं. उतरायचं असतं मार्केटला, पण दवाखाना म्हणायला बरं पडतं. दोन स्टॉप उलटं चालत येतो. डॉक्टरही चालायला सांगतातच की.

१० फेब्रुवारी, रविवार

बायकोने शोध लावला: वाचनालयाच्या माडीवर अडखळणाऱ्या लोकांचं मंडळ भरतं. मला गरज नाही. पण त्यांना नेतृत्वाची असेल, म्हणून गेलो. सात जण. प्रमुख बँकेतल्या कॅशियर मॅडम. बाई स्वतः अडखळतात आणि लपवतही नाहीत, कमाल आहे! एक दाढीवाला टेलर आहे, माझ्याच वयाचा. त्याचं प्रकरण अवघड. एक वाक्य निघेस्तोवर चहा गार.

मंडळाचा नियम एकच. दुसऱ्याचं वाक्य पूर्ण करायचं नाही. जो करेल त्याने मीटिंग संपेपर्यंत गप्प बसायचं. उत्तम नियम. मेहुण्याला इथे जन्मठेप झाली असती.

टेलर 'सु'वर अडकला. मी मदत म्हणून 'सुई' म्हटलं. त्याला सुट्टी म्हणायचं होतं. मी सव्वा तास गप्प.

१७ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा गप्प. पहिल्या दहा मिनिटांत. भलाईचे दिवसच राहिले नाहीत.

पण बातमी झकास. १० मार्चला खालच्या हॉलमध्ये जाहीर कार्यक्रम. अडखळणं काय असतं ते लोकांना कळावं म्हणून प्रत्येकाने पाच मिनिटं आपला अनुभव सांगायचा. मॅडम म्हणाल्या, उणीदुणी नकोत, अनुभव सांगा. मी जोरात मान डोलावली. मनात म्हटलं, सापडले बेटे! हॉल आहे, माईक आहे. दोघांना पहिल्या रांगेत बसवायचं आणि नावं घेऊन धुवायचं. बसल्या जागी माफी मागायला लावीन, नाहीतर मिशी उतरवीन.

निघताना टेलरने विचारलं, शाळा कोणती, दहावी कधीची. सांगितलं. तो माप घेतल्यासारखा वरपासून खालपर्यंत बघत राहिला. माझी छाप पडलेली दिसते. मी मात्र त्याला काही विचारलं नाही. उगाच सलगी वाढते.

२१ फेब्रुवारी

भोंग्याला आमंत्रण चिठ्ठीने दिलं. चिठ्ठी वाचून गडी खूश. म्हणाला, अहो असं काय, सगळी पाळी घेऊन येतो! बकरा स्वतः सुरी घेऊन येतोय.

मेहुण्याला बायकोने फोन केला. घरातले सगळे फोन तीच करते. माझा आवाज फोनवर नीट पोचत नाही.

३ मार्च, रविवार

भाषण तयार. चौदा पानं. पाच मिनिटांत बसवायला थोडं भरभर बोलावं लागेल. सुरुवात अशी: मित्रहो, आज मी दोन माणसांचे बुरखे फाडणार आहे. बायकोने वाचलं. म्हणाली, ते 'मित्रहो' काढा आणि दुसरं काहीतरी घाला. मी भडकलो. लढाईत पहिल्याच पावलाला माघार? काही एक बदलणार नाही.

मीटिंगमध्ये टेलरने विचारलं, भाषणात शाळेतलं काही आहे का. म्हटलं, छे, शाळेत आपल्याला काहीच त्रास नव्हता. तो म्हणाला, बरोबर आहे. एवढं म्हणायला त्याला पाऊण मिनिट लागलं. मी मध्ये पडलो नाही. प्रगती.

९ मार्च

पांढरा शर्ट. इस्त्री झाली. उद्या दोघांचा निकाल.

१० मार्च, रविवार

झालं ते क्रमाने लिहितो.

हॉल भरलेला. पहिल्या रांगेत भोंगा, शेजारी मेहुणा, मागे सगळी पाळी. मॅडमनी सुरुवातीलाच नियम सांगितला: बोलणारा अडला तर थांबायचं, शब्द पुरवायचा नाही.

माझ्या आधी टेलर. शाळेत त्याला हजेरीला 'हजर' म्हणता यायचं नाही. त्याचं त्याला एवढं वाटायचं नाही, मास्तर समजून घ्यायचे. पण मागच्या बाकावरचा एक मुलगा त्याची नक्कल करायचा. मान कशी वाकडी होते, डोळे कसे मिटतात, हुबेहूब. मधल्या सुट्टीत पोरं फर्माईश करायची. आणि इतकी हुबेहूब कशी, तर तो मुलगा स्वतःच अडखळायचा. लोकांची नजर आपल्यावरून हटावी म्हणून हा धंदा. टेलरला शिक्षक व्हायचं होतं. त्याने आठवीत शाळा सोडली आणि काकांच्या दुकानात मशीनवर जाऊन बसला, कारण तिथे बोलावं लागत नव्हतं. हे सांगायला त्याला बारा मिनिटं लागली, पण मॅडमनी पाच मिनिटांची घंटा वाजवली नाही. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही.

मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होतो. मनात म्हटलं, काय नीच कार्टं असेल! यादीत तिसरं नाव त्याचंच घालू. तेवढ्यात टेलर म्हणाला, तो मुलगा आज इथेच आहे, मी नाव घेणार नाही, त्याचं त्याला कळेल. आणि माझ्याकडे बघितलं.

मान वाकडी, डोळे मिटलेले. मला ते फार छान जमायचं. तेवढा वेळ मला कोणी हसत नसे. हे इथे लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही.

मग माझं नाव पुकारलं.

मित्रहो. ओठ मिटले ते मिटलेच. बायकोकडे बघितलं. दिवसाला माझी शंभर वाक्यं पुरी करणारी बाई हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती. मेहुण्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. जन्मात पहिल्यांदा मला त्याचा शब्द हवा होता, अगदी चुकीचा असला तरी. पाच मिनिटं तसाच उभा. घंटा झाली. टाळ्या झाल्या. चौदा पानं खिशात घालून खाली उतरलो.

भोंगा धावत आला. डोळे लाल. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, माझं चुकलंच हो, उद्यापासून ते नावाचं नाटक बंद. म्हणजे मी काही बोलायच्या आतच माफी मागून मोकळा! वर म्हणाला, पण टेलरच्या वर्गातला तो हरामखोर कोण, तेवढं शोधून सांगा, सगळी पाळी मिळून त्याला बघून घेते. मी म्हटलं, जाऊ दे हो, लहान होता तो. हे मात्र न अडखळता बोललो.

११ मार्च

भर सभेत टेलरने माझी इज्जत घालवली. यादीत लिहिलं: ३. टेलर. मग खोडलं.

जेवलो नाही. बायकोने विचारलं काय झालं, तिलाही सांगता आलं नाही. उद्या दुकानात जाऊन विषय संपवतो. दोन मिनिटांचं काम.

१२ मार्च

दुकानात तीन गिऱ्हाईकं. तरी गेलो आणि सॉरी म्हटलं. एकदम सफाईने.

टेलरने कात्री थांबवली नाही. म्हणाला, हा शब्द तुला सोपा जातो म्हणून घेऊन आलास. मीही आयुष्यभर हेच केलंय, मला शिकवू नकोस. जो अडतो तो आण. माफ कर म्हण.

प्रयत्न केला. गिऱ्हाईकं बघत होती. टेलर ऐकत होता आणि कापड कापत होता. दुकान बंद व्हायची वेळ झाली तेव्हा म्हणाला, उद्या ये.

१३ मार्च

नाही.

१४ मार्च

नाही. एका गिऱ्हाइकाला दया आली, त्याने शब्द पुरवला. टेलर त्याच्यावर असा खेकसला की तो पँट न घेताच गेला.

१८ मार्च, सोमवार

आज 'मा' निघाला. पुढचं अडलं. टेलरने बसायला स्टूल दिलं, म्हणून जरा धीर आला. विचारलं, दोन्ही शब्द पुरे बोललो की झालं ना?

म्हणाला, ते ऐकल्यावर ठरवीन.