एकतर्फी जोडणीची फजिती

ती. ताईस,

वाकून नमस्कार (गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढंच वाकून). भावोजींची पाठ आता बरी असेल. माझा खोकला गेला, आई ठणठणीत आहे, आणि तिला पुढच्या महिन्यापासून कायमचं तुझ्याकडे न्यायचं तू रविवारी फोनवर ठरवलंस, त्याविषयी शेवटी लिहिते. आधी ऑफिसातली फजिती ऐक. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास जाणार नाही.

माझं काम नेमकं काय, असं तू इतकी वर्षं विचारतेस आणि उत्तर येण्याआधी गॅस बंद करायला जातेस. तर असं समज, की एकेक तार म्हणजे बत्तीस खणांचं कपाट. एका खणात एक संभाषण. या तारेच्या सातव्या खणातलं बोलणं त्या तारेच्या एकोणिसाव्या खणात पोचवलं, की दोन माणसं बोलू लागतात. मी संगणकापुढे बसून या खणापासून त्या खणापर्यंत रेघ ओढते. मात्र रेघ ओढल्यावर तो विचारतो, एकतर्फी की दुतर्फी? आपण गप्प राहिलो, तर तो आपल्याच मनाने एकतर्फी धरतो. (हा संगणक कुणा मोठ्या बहिणीने घडवला असावा. रागावू नकोस.)

मुख्य कार्यालयाबरोबरची आमची बैठक फोनवरच होते. त्या लाइनची जोडणी नव्याने करताना मी तो प्रश्न पाहिलाच नाही, कारण तेवढ्यात आमचे साहेब पाठीमागे उभे राहून माझ्या टेबलावरच्या कुंडीला पाणी जास्त होतंय का, यावर मत देत होते. झालं! मोठ्या साहेबांचं बोलणं आमच्यापर्यंत स्वच्छ यायचं, आमचं त्यांच्यापर्यंत मुळीच जायचं नाही. माझ्या पडद्यावर मात्र सगळं हिरवंगार, कारण यंत्राच्या मते काही बिघडलंच नव्हतं. पहिल्याच बैठकीत मोठ्या साहेबांनी सुचवलं, की आमचा विभाग खिडकीच्या खोलीतून तळघरातल्या बॅटऱ्यांच्या खोलीत हलवावा. आमचे साहेब हरकत आहे म्हणाले, मग ओरडले, मग टेबलावर चढायचे तेवढे राहिले. पलीकडून प्रसन्न आवाज आला, "कुणाची हरकत नाही ना? वा! इतकी समजूतदार शाखा मी पाहिली नाही." तेव्हाच तार तपासायला हवी होती, असं तुला वाटेल. पण ताई, तारेवर संशय घेणार कोण? मोठ्या साहेबांपुढे दुतर्फी जोडणीतही हेच व्हायचं.

आमची टेबलं तळघरात पोचली (तिथे ॲसिडचा असा वास, की डबा उघडायचा धीर होत नाही), तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुपचूप दुसरी बाजू जोडून टाकली. पुढच्या बैठकीनंतर मुख्य कार्यालयाची तक्रार आली: लाइनमध्ये दोष निर्माण झाला असून मधूनमधून माणसांचे आवाज ऐकू येतात, तरी पूर्वीसारखी करून द्यावी. साहेबांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि हळूच म्हणाले, "बाई, एवढी दुरुस्ती करू नका हो." मी नाही केली. टेबलं अजून तळघरातच आहेत, पण निदान आमची कटकट वरपर्यंत पोचते.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क.: रविवारी तू बोलत होतीस तेव्हा मी मधे मधे "हं" म्हणत होते. ती संमती नव्हती, ताई. लाइन चालू आहे, एवढंच कळवत होते. आईला नेऊ नकोस. संध्याकाळी दार उघडल्यावर तिचा रेडिओ ऐकू आला नाही, तर घरात कुठल्या खोलीत जाऊन बसावं हेच मला सुचणार नाही. यावर फोन करू नकोस, फोनवर तू जिंकतेस. लिही.

ता. क. दुसरा: पाकीट चिकटवायला आईकडे दिलं, तर तिने आधी चष्मा लावला आणि सगळं वाचून काढलं. म्हणाली, "मोठ्या साहेबांना हसतेस, पण तुम्हा दोघींपैकी मला विचारलंय का कुणी?" तिला काय हवंय ते विचारलं, तर सांगत नाही. म्हणते, दोघी समोर बसा, मग एकदाच सांगेन. तेव्हा तू ये. ती बोलेल, आणि आपण दोघी "हं" म्हणू.