तीनचा भोंगा आणि उघड्यावरचा कांदा

आबा, त्या वर्षीचा कांदा वाचवायला काय काय लागलं ते एकदा सरळ मांडतो. आईच्या तीन गोधड्या, गोठ्यावरचं निम्मं पाचट, तुमची दुपारची झोप आणि माझ्या डाव्या गालावर तुमची पाच बोटं. गोठा पुन्हा शाकारला. गोधड्या कांद्याच्या वासासकट पुढं दोन हिवाळे पांघरल्या. बोटांचं तेवढं राहिलं, म्हणून हा कागद. माफी मागायला बसलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

वैशाख होता, मे महिना नुकताच लागलेला. दिघीच्या पलीकडच्या आपल्या रानात कांदा उपटून पातीसकट वाफ्यांत सुकत पसरला होता. तुमचं एकच म्हणणं, "मान वाळू द्या. कच्च्या मानेचा कांदा बराखीत घातला की आषाढात पाणी सुटतं त्याला." खरंच होतं ते. बराखीत, म्हणजे मागच्या त्या कुडाच्या लांबट खोलीत, कांदा चार-पाच महिने टिकला तरच चाकणच्या बाजारात त्याला कोणी विचारायचं, आणि त्या एका पिकावर आपलं सबंध वर्ष उभं असायचं. तुम्ही आणखी तीन उन्हं द्यायची ठरवली होती. टिटवीनं अंडी नदीच्या पात्रात अगदी खाली घातलीत, म्हणजे पाऊस लांब आहे, हा तुमचा पुरावा. तो मोडायची घरात कोणाची छाती नव्हती.

माझी होती. माझ्याकडं टिटवी नव्हती, कान होते. पिंपरीकडं कंपन्या आल्या, तसा त्यातल्या एकीचा तीनचा भोंगा आपल्या रानात ऐकू यायला लागला होता. उन्हाळ्यात दुपारचा वारा पश्चिमेचा, तो भोंगा उचलून आणायचा. गावाला तो नुसता पाळी सुटल्याचा भोंगा. मी मात्र दोन उन्हाळे ऐकून एक गोष्ट पकडली होती. ज्या दिवशी भोंगा येत नाही, त्या दिवशी वारा पडलेला असतो नाहीतर उलटा फिरलेला, आणि अंधार पडायच्या आत पूर्वेकडून वळीव येतो. चार वेळा पारखलं, चारही वेळा खरं निघालं. रेडिओवाले "आकाश अंशतः ढगाळ" म्हणेपर्यंत मी पाऊस ओळखून मोकळा. अख्ख्या तालुक्यात हे कळणारा मी एकटा.

त्या दुपारी लिंबाची सावली विहिरीच्या काठाला टेकते, म्हणजे तीन. सावली पुढं सरकते, भोंगा नाही. आभाळ निळंभोर. मी घरी येऊन तुम्हाला हलवतो.

"आबा, कांदा गोळा करायचा. आत्ता."

"का रं? आभाळ फाटलं का?"

"भोंगा आला न्हाई."

तुम्ही उठून बसता. "कंपनीचा भोंगा? त्यो काय पंचांग हाय व्हय? ओल्या मानेचा ढीग झाकला तर उबंल, सडंल. मग वर्सभर काय भोंगा खायाचा?"

"तुमच्या टिटवीपरीस बरा," मी म्हणतो. आणि ती पाच बोटं उठतात.

मी तसाच बाहेर पडलो. गोठ्यावर चढलो आणि पाचट खाली ओढायला लागलो. आईनं एकदा तुमच्याकडं पाहिलं, आत गेली आणि गोधड्या घेऊन आली. बांधापलीकडचे तात्या ओरडले, "काय राव, पोरानं घर मोडाया काढलं का?" तुम्ही म्हणालात, "त्येला इचारा! भोंगा वाजला न्हाई म्हणून पाऊस यायचाय म्हणं." दोघंही हसलात. आम्ही मायलेकरं ढीग लावत राहिलो. निम्मा कांदा झाकून झाला तेव्हा पूर्वेकडून काळं उठलं. तुम्ही धोतर खोचून आलात आणि आम्हा दोघांइतका कांदा एकट्यानं ओढलात. पाचच्या सुमाराला वळीव आला, गारांसकट. तात्यांचा कांदा वाफ्यांतून वाहत बांधाला लागला. दुसऱ्या दिवशी आपण तिघं त्यांच्याकडं वेचायला गेलो, पण भिजलेला कांदा तो, आठ दिवसांत नासला. आपल्या ढिगांना कडेनं तेवढी ओल लागली.

तुम्ही गालाबद्दल कधी काही बोलला नाहीत. पण चाकणला अडत्यापुढं मात्र म्हणालात, "माझ्या पोराला कान हायेत. ढगाच्या आधी ऐकतंय." पुढं शेवटपर्यंत कांदा काढायच्या दिवसांत तुमचं विचारणं असायचं, "भोंगा आला का रं?" टिटवीचं नाव पुन्हा काढलं नाहीत. त्या एका वाक्यावर मी उभा राहिलो, आबा. कंपनीत गेलो, पुढं स्वतःची शेड टाकली. लेथ बिघडायच्या आधी तिची कुरकुर मला ऐकू येते, असं कामगार सांगतात, आणि मी त्यांना सांगू देतो.

आजही म्हणतो, तुमचा हात चुकला आणि माझं गोठ्यावर चढणं बरोबर होतं. पाऊस कोणाच्या वडीलकीला बांधलेला नसतो. बापानं ठरवलं म्हणून ऊन तीन दिवस थांबत नाही. पुन्हा तसा दिवस आला तर पुन्हा पाचट ओढीन, दुसरा गाल पुढं करून.

एक मात्र तुमच्या हयातीत सांगितलं नाही. हा कागदही कुठं जायचा नाही, म्हणून लिहितो. त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर मी त्या भोंग्याच्या कंपनीत लागलो. रविवारी तिथं सुट्टी, तेव्हा भोंगा नसतो, हे गावातलं पोरसोर जाणत होतं. तरी हजेरीच्या खिडकीत कारकुनाला विचारलं, "सुट्टी रविवारीच ना?"

"रविवार गेला, भाऊ," तो म्हणाला. "विजेची बोंब आहे ना. मे महिन्यापासून गुरुवार केलाय."

कांदा झाकला त्या दिवशी तुमचा गुरुवारचा उपास होता. पिंपरीत भोंगा वाजलाच नव्हता.