विचारावं आणि गप्प बसावं

३ मार्च

ती. मामांस,

सा. न. वि. वि. आधी भांडण, मग खुशाली. संसदेच्या पाणीपुरवठा समितीच्या अध्यक्षपदासाठी आज सभासदांचं मतदान झालं. इतकी वर्षं याच समितीत बसलेल्या तुमच्या लाडक्या बाई एका मताने हरल्या, आमचे तरुण खासदार जिंकले! मी दाराशी कागद वाटत होतो, टाळीच वाजवली. कचेरीतल्या साहेबांनी डोळे वटारले. वटारू देत. अनुभव अनुभव म्हणत किती काळ खुर्च्या उबवायच्या?

दुसरं. साक्षी टिपून घेणाऱ्या आमच्या लघुलेखिकेला परगावी बढती मिळतेय. तिला लग्नाचं विचारलं आणि लगेच मीच म्हणालो, की कॉलेज अर्धवट सोडलेल्याला कोण हो म्हणणार. ती निघून गेली. संपलं सगळं.

लोभ आहेच, या पत्राने आटू देऊ नका.

तुमचा भाचा

९ मार्च

चि. तोफखान्यास,

अनेक आशीर्वाद. टाळीचं वाचून मामी हसून बेजार. बाबा रे, त्याच कचेरीत माझी उभी हयात गेली, माझ्या शब्दावर तुला घेतलंय. जरा जपून.

पांढरे केस म्हणजे अनुभव, असं मी कधी म्हटलं? आमचे एक ज्येष्ठ अध्यक्ष साक्ष सुरू झाली की घोरू लागत. बाईंचं वेगळं. सुरुवातीला त्या प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देऊन टाकत. अधिकारी मान डोलावून सुटत. हात पोळले, तेव्हा शिकल्या. तुझ्या खासदारांचे अजून पोळायचेत. पुढची साक्ष डोळे उघडे ठेवून बघ.

आणि गाढवा, ती मुलगी काय म्हणाली ते तू लिहिलंच नाहीस!

रागावलो नाही. जेवत जा.

मामा

२४ मार्च

ती. मामांस,

सा. न. वि. वि. हरलो. नव्या अध्यक्षांनी अधिकाऱ्याला विचारलं, की नळ का फुटतात, आणि दम न घेता स्वतःच म्हणाले, की जुने असतील. अधिकारी म्हणाला, अगदी बरोबर. सुटला! अध्यक्षही मनाचे मोठे. पुढच्या बैठकीत त्यांनी बाईंना शेजारी बसवून प्रश्न त्यांच्यावर सोपवले. बाईंनी तोच प्रश्न विचारला आणि पेनाचं टोपण फिरवत बसल्या. नुसता पंख्याचा आवाज. अधिकाऱ्याने कॉलर सैल केली, मी ठेवलेलं पाणी संपवलं, आणि शेवटी सांगून टाकलं, की नळ बसवल्यापासून तपासलेच नाहीत.

त्याच संध्याकाळी जिन्यात मी तिला पुन्हा लग्नाचं विचारलं आणि ओठ घट्ट मिटले. मामा, जीव जायची वेळ आली. तिने पेन्सिली पिशवीत टाकल्या, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, की बढती घेणारच, तिथेही कॉलेज आहे, मी पुन्हा नाव घालणार असेन तर लग्नाला हो. उत्तर पहिल्या वेळीच तयार होतं म्हणे, मी तोंड उघडू दिलं तर ना!

आता एक काम कराच. तिच्या वडिलांना पत्र तुम्ही लिहा. मी लिहिलं तर त्यांचं उत्तरही मीच लिहून टाकीन.

मामीला नमस्कार. लोभ आता दोघांवर असू द्या.

तुमचा भाचा